अकरा तास की सतरा

तिकीट कचेरीत तिला सगळे घड्याळबाई म्हणत. बावीस वर्षं एकाच खुर्चीत, समोर गिऱ्हाइकांचा बाक. स्वतः ती एकदाही विमानात बसली नव्हती. आई म्हणायची, "तुला जगभरच्या वेळा तोंडपाठ, फक्त घरी यायची वेळ तेवढी लक्षात राहत नाही."

नोकरीच्या पहिल्याच वर्षी तिने घोळ घातला होता. मुलीच्या बाळंतपणाला निघालेल्या एका बाईला तिने नुसते उडण्याचे तास सांगितले. मधल्या विमानतळावरचा आठ तासांचा थांबा धरलाच नाही. जावई विमानतळावर वाट पाहून परत गेला आणि त्या बाई परक्या शहरात दोन पिशव्या घेऊन एकट्याच बाकावर बसून राहिल्या. तेव्हापासून घड्याळबाई या दारापासून त्या दारापर्यंतचा हिशेब कागदावर मांडून द्यायची.

एका सकाळी अकराच्या सुमारास पलीकडच्या गल्लीतला सुतार आला. अंगावर लाकडाचा भुसा तसाच. धाकटा भाऊ नऊ हजार किलोमीटरवरच्या शहरात इस्पितळात होता, पक्षाघाताचा झटका आलेला. भावाने आग्रह करून मागच्याच वर्षी व्हिसा काढायला लावला होता, पण हातातलं काम सोडून याचं जाणं काही झालं नव्हतं.

"सगळ्यात लवकर जाणारं द्या. थेट, अकरा तासांचं आहे म्हणे."

"आहे. पण ते उद्या दुपारी दोनला सुटतं. आज चारचं घ्या. मधे बदलायचं, सतरा तास लागतील."

"बाई, मला घाई आहे आणि तुम्ही लांबचा रस्ता दाखवताय?"

तिने कागद पुढे सरकवला. "आजचं उद्या सकाळी नऊला पोचवेल. थेट जाणारं उद्या मध्यरात्रीनंतर एकला. आपल्याच घड्याळाने सांगतेय."

सुताराने कागदावरच्या आकड्यांवरून बोट फिरवलं. मापं घेण्यात त्याची हयात गेली होती. हिशेब त्याला चटकन कळला. तरी म्हणाला, "विमान बदलायचं कसं? मी कधी बसलोसुद्धा नाही."

शेजारचा कारकून म्हणाला, "पंधरा तासांचंही आहे, मधे एकच तास थांबा."

"नको," ती म्हणाली. "पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाला एक तास म्हणजे काहीच नाही." तिने मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: उतरल्यावर कुठे वळायचं, कोणाला काय दाखवायचं, बॅग मधे उचलायची नाही.

पहिलं विमान दीड तास उशिरा पोचलं. एक तासाच्या थांब्याचं तिकीट असतं तर पुढचं विमान चुकलंच असतं. सुतार कागद हातात धरून चालत राहिला आणि वेळेत पुढच्या विमानात चढला. इस्पितळात पोचला तेव्हा भाऊ शुद्धीवर होता. बोलता येत नव्हतं. त्याने दादाचं बोट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. त्या दुपारी त्याची शुद्ध हरपली ती चार दिवस. पण माणूस वाचला. डावा हात तेवढा लुळा राहिला.

दीड महिन्याने सुतार कचेरीत आला. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

"थेट विमानाने गेलो असतो, तर मी पोचेपर्यंत त्याची शुद्ध गेलेली असती," तो म्हणाला.

घड्याळबाईने त्याला बसायला सांगितलं, चहा मागवला. मग म्हणाली, "तिथे उतरल्यावर पासपोर्टच्या रांगेत किती वेळ गेला?"

"सव्वा तास."

"मी पाऊणच धरला होता," ती म्हणाली, आणि वहीत दुरुस्ती करून घेतली.