पथारीवरचं डेटा सेंटर

मोबाइलवरून नेटवर टाकलेला तुमचा फोटो खरं तर कुठे ठेवलेला असतो, सांगाल का? मला परवापर्यंत वाटायचं, मोबाइलमध्येच! नंदुरबारच्या मिरची पथारीवर, म्हणजे मिरच्या वाळवायच्या मोकळ्या मैदानावर, आम्ही बायका दिवसभर देठ खुडतो. हात गुंतलेले, तोंड मोकळं. त्यामुळे किस्से साठतच जातात. यंदाचे सगळे माझ्या लेकीच्या, भारतीच्या भाषणाचे.

भारती बारावी सायन्सला. मॅडमनी तिला वक्तृत्व स्पर्धेत घातलं. विषय, ‘अंतराळात डेटा सेंटर शक्य आहे का?’ स्टेजवर ती कधी चढलेली नाही. फजितीच्या भीतीने ती रोज कॉलेज सुटलं की पथारीवर यायची आणि आम्हालाच भाषण म्हणून दाखवायची.

*

पहिल्या दिवशी तिने सांगितलं, आपण नेटवर टाकलेले फोटो मोठमोठ्या शेडमधल्या कॉम्प्युटरांत असतात. त्यांना वीज फार लागते, थंड ठेवायला पाणीही लागतं. म्हणून ते वर आकाशात न्यायचा विचार चाललाय.

कमलमावशी आमच्यात सगळ्यात मोठ्या. त्यांनी विचारलं, “मन्हा फोटो बी वर जाई का?”

“हो मावशी.”

“थांब मंग, पदर नीट करू दे!”

*

दुसऱ्या दिवशी विजेची गोष्ट निघाली. वर सोलरला कायम ऊन मिळू शकतं, ढग नाही, पाऊस नाही.

आदल्याच आठवड्यात अवकाळी पावसात आम्ही ताडपत्र्या घेऊन धावलो होतो. मावशी म्हणाल्या, “मंग आपली पथारी बी उचलीसन तठेच लई चाला!”

*

आमच्यातल्या वनिताचं माहेर धडगावकडचं, डोंगरातलं. तिचा प्रश्न वेगळाच. “बिघडनं तर दुरुस्त कराले कोन जाई? आमना पाडाना टावरले मानूस येवाले आठ दिन लागतस!”

भारती म्हणाली, “रोबो जाईल, वनितामावशी.”

“त्याले घाटमा गाडी लागत नही ना?”

*

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी भारती अगदी जोरात म्हणाली, “अंतराळात कडाक्याची थंडी असते, म्हणून यंत्रं आपोआप थंड राहतील!”

मावशी माझ्या थर्मासमधला चहा ओतत होत्या. “पोरी, तठे वारा शे का?”

“नाही. हवाच नाही.”

“मंग थंड कसं व्हई?”

भारती थर्मासकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “आई, याच्या दोन भिंतींमध्येही हवा नसते. म्हणून तर चहा गरम राहतो.” तिचे डोळे भरले. “माझं भाषणच चुकलंय. मी उद्या जात नाही.”

मावशींनी तिचा हात धरून ओल्या मिरच्यांच्या ढिगात कोपरापर्यंत घातला. “गरम लागस ना?” मग शेजारी सावलीत पसरलेल्या मिरच्यांवर ठेवला. “आते?”

“गार आहे.”

“ढीग करशी तर तापी. पसरशी तर निवी. आते डोयाले हात लावू नको!”

तोवर तिने डोळे पुसले होते.

तोंडावर पाणी मारता मारताच ती बोलायला लागली. “आई, वारा नसला तरी तापलेली वस्तू उष्णता बाहेर सोडते! फक्त त्यासाठी धातूचे पत्रे खूप मोठे पसरावे लागतील.”

“मग होईल का गं?”

“होऊ शकतं. पण पत्र्यांची एवढी मोठी पथारी वर न्यायची कशी, तिथेच सगळं अडलंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी भारती लाल डोळ्यांनी माझा थर्मास भाषणात दाखवायला पिशवीत घालून रिक्षात बसली. आम्ही चहा गारच प्यायलो.