मिठाच्या पाण्यातला झटका

पेशीत रंग घुसवायचा तर विजेचा झटका क्षणभरच द्यावा लागतो. पेशीभोवतीच्या पातळ पडद्याला तेवढ्यापुरती छिद्रं पडतात, एरवी बाहेरच राहणारा रंग आत शिरतो आणि पडदा पुन्हा मिटतो. जरा जास्त झालं की पेशी फुटते. मला ते फोडणंही आवडायचं. तेव्हा माझं डोकं सतत तापलेलं असायचं.

ऐंशीच्या दशकात अंधेरीच्या एका प्रयोगशाळेत आम्ही दोघं हे काम करायचो. ती मनोरीच्या कोळीवाड्यातली, रोज तरीच्या बोटीतून खाडी ओलांडून मार्वेला उतरून यायची. मी बोरीवलीचा. यंत्र आम्हीच जोडलेलं, पेशींसाठी लागणारं रक्तही आमचंच, आळीपाळीनं दंडातून काढलेलं. पण वर्षाअखेरीस दोघांपैकी एकालाच ठेवणार, असं प्रयोगशाळेच्या सरांनी सांगितलं आणि मी तिच्यावर खार खाऊ लागलो.

त्या दुपारी पेशी धुताना माझा हात सवयीनं मिठाच्या पाण्याच्या बाटलीकडे गेला. रक्ताचं काम करणाऱ्या कुणाचाही जाईल.

"मीठ नको रे," ती म्हणाली. "साखरेचं पाणी घे. मिठातून करंट सुसाट जाईल, नळी फुटेल."

"तू मला शिकवू नकोस."

मी मिठाचंच पाणी घातलं आणि नळी यंत्रात बसवली. नळी काढून घ्यायला ती वाकली. मी चिडून बटण दाबलं.

बार उडाला. काचा आणि रक्त भिंतीपर्यंत गेलं. ती चेहरा धरून खाली बसली, बोटांमधून रक्त ओघळत होतं. नळीतलं किती नि डोळ्यातलं किती, कळेना. मी घाबरलो, तेही स्वतःसाठी.

तिचा उजवा डोळा गेला. ती इस्पितळात असताना सरांनी विचारलं, "मिठाचं पाणी कोणी घातलं?"

"तिनं," मी म्हणालो.

तिचं काम बंद झालं, जागा मला मिळाली. साखरेच्या पाण्यात रंग पहिल्याच आठवड्यात आत शिरला.

महिन्याभरानं मनोरीला गेलो. तिच्या आईला काहीच ठाऊक नव्हतं. आईनं मला पानावर बसवलं, तळलेली मांदेली वाढली आणि भाकरी आणायला आत गेली. मुलगी समोर बसली होती, डोळ्यावर पट्टी.

"सरांना खरं सांगितलंस?"

"नाही."

"मग जेव नि चालता हो. कोणाला वाढलं, हे आईला कळता कामा नये."

शरम वाटत होती. तरी मी ताट संपवलं. सरांना मात्र कधीच सांगितलं नाही.