तरंगलेलं धान

भंडारा जिल्ह्यात करडीच्या पलीकडे, धानाच्या बांध्यांमध्ये वसलेल्या एका लहानशा गावात धुरपताबाई रामटेके शाळेत खिचडी शिजवायच्या. गोंदिया जिल्हा वेगळा होऊन तेव्हा बारा-तेरा वर्षं झाली होती. स्वतः चौथीपर्यंत शिकलेल्या, पण आवाज असा खणखणीत की त्यांनी चुलीजवळून हाक मारली की मैदानातली पोरं पाच मिनिटांत पंगतीला.

त्या वर्षी शाळेत हर्षा मॅडम बदलून आल्या. आल्या आल्या त्यांनी धान्याची खोली रिकामी केली आणि तिथं प्रयोगघर थाटलं. भिंगं, चुंबकं, तराजू, काचेची भांडी, सगळं पोरांच्या हाताला येईल असं खाली मांडलं. दारावर लिहिलं, ‘हात लावा’.

धुरपताबाईंच्या तांदळाची पोती मात्र ऑफिसच्या कोपऱ्यात गेली.

“खेळण्यासाठी तांदळाले घराबाहेर काढलं तुमी, मॅडम!” त्या फणकारल्या. आठवडाभर त्यांनी त्या खोलीकडे पाहिलंसुद्धा नाही.

मग एक दिवस आतून नुसता गलका ऐकू आला. खिचडीवर झाकण ठेवून त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. तिसरी-चौथीची पोरं मिठाच्या पाण्यात अंडं तरंगवायला पाहत होती. अंडं काही वर येईना. कुणी भांडं बदललं, कुणी पाणी गरम केलं. मॅडम बाजूला बसून एवढंच विचारायच्या, “आणखी काय करून पाहता येईल?”

धुरपताबाईंना राहवेना. “अरे, मीठ टाका ना गा! दोन चिमट्यांनं काय होते? ओंजळभर टाका!”

पोरांनी टाकलं, ढवळलं. अंडं हळूच वर आलं आणि खोलीत एकच कल्ला झाला.

“तुम्हाला कसं ठाऊक?” मॅडमनी विचारलं.

“कसं म्हणजे? पऱ्हे टाकाच्या, म्हंजे रोपासाठी धान पेराच्या आधी आमी असंच बी निवडतो. अंडं तरंगलं की पाणी तयार. मग त्यात धान टाकाचं. पोचट वर येते, भरलेलं बुडते.”

“मग उद्याचा तास तुमचा.”

दुसऱ्या दिवशी धुरपताबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, पिशवीत धान घेऊन आल्या. पोरांकडूनच सगळं करवून घेतलं. वर आलेलं धान चाळणीत काढत म्हणाल्या, “हे कोंबड्यांले. यात जीव नसते.”

चौथीतली रीना भिंगातून एक दाणा पाहत होती. मान वर न करता तिनं विचारलं, “मावशी, तुमी पेरून पाहलं काय?”

धुरपताबाईंनी चाळणी झटकून खाली ठेवली. मग म्हणाल्या, “पेराचं कायले? मायी माय फेकत होती, मी बी फेकतो.”

 रीनानं दोन थाळ्या आणल्या. एकीत बुडालेले पन्नास दाणे, दुसरीत तरंगलेले पन्नास, दोन्ही धुऊन. वर ओला बारदाना.

आता धुरपताबाई रोज चूल पेटवायच्या आधी बारदाना उचलून पाहू लागल्या. नवरा चिंधू हसायचा, “घरच्या पऱ्ह्याकडं पाहत नाही अन् शाळेतल्या थाळ्या राखून राहिली!”

पाचव्या दिवशी तरंगलेल्या दाण्यांपैकी नऊ दाण्यांना कोंब फुटलेले होते.

“कोण्या पोट्ट्यानं मिसळलं?” त्या कडाडल्या. कुणीच मिसळलं नव्हतं. मग त्यांनी स्वतः दाणे मोजून पुन्हा थाळ्या लावल्या. या वेळी निघाले अकरा. बुडालेल्यांत सत्तेचाळीस.

धुरपताबाई उंबऱ्यावर बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. “तीस वर्षं कोंबड्यांले जितं धान चारलं म्या!”

“पण कोंब बारीक आहेत, मावशी,” रीना म्हणाली.

ते खरंच होतं. पोरांनी दोन्ही थाळ्यांतली रोपं नळाजवळ लावली आणि दर शनिवारी पट्टीनं मोजली. तरंगलेल्या दाण्यांची रोपं शेवटपर्यंत मागेच राहिली.

ही गोष्ट धुरपताबाईंनी गावभर सांगितली. शेजारचे पुंडलिकराव म्हणाले, “मग मीठ कायले वाया घालवतेस?”

“वाया नाही गा, भाऊ. पेराचं ते बुडलेलंच. पण वरचं मेलेलं नाही, कमजोर आहे. आपण इतकी वर्षं न पाहताच मेलं म्हणत होतो.”

पुढच्या साली साकोलीत शिक्षकांचं शिबिर भरलं. मॅडम धुरपताबाईंना बसनं घेऊन गेल्या. माईक पुढे आला तेव्हा त्यांनी तो बाजूला सारला. एक गुरुजी वही उघडून म्हणाले, “बाई, कृती सांगा, लिहून घेतो.”

“लिहाचं मागून, गुरुजी. आधी बाह्या वर करा.”

साठ शिक्षक हसत हसत मिठाच्या पाण्याच्या बादल्यांभोवती बसले.

शाळेत खिचडी अजूनही धुरपताबाईच शिजवतात. फक्त बुधवारी प्रयोगघरातून त्यांचा पाय निघत नाही आणि जेवण तासभर लांबतं. त्या दिवशी मुख्याध्यापक हिरालाल गुरुजी घरूनच दोन पोळ्या बांधून आणतात.