बोयावर नाव पाहिजेच

चिंबोरी एकटी वर येत नाही. एकीला उचलावं तर तिच्या नांगीला दुसरी लटकलेली असते आणि दुसरीच्या पायाला तिसरी. आमच्या खेकडे धरण्याचे किस्सेही तसेच. एक सांगायला घ्यावा तर बाकीचे मागून ओढत येतात. आणि बहुतेकांत चिमटा मलाच बसलेला आहे, त्यामुळे ते मीच सांगितलेले बरे. दुसऱ्यांनी सांगितले की वाढवून सांगतात.

आधी मंडळी कोण ते ऐका. आम्ही चौघं. एक मी, जिला सगळे आक्का म्हणतात. दुसरी माझी नणंद कौसा, जी हळू बोलते तेव्हाही पलीकडच्या वाडीला ऐकू जातं. तिसरे दामूभाऊजी, आयुष्यभर रेल्वेचं फाटक उघडून-लावून रिटायर झालेले. चौथा माझा भाचा संजय. आठवडाभर ठाण्याला ऑफिसात असतो आणि रविवारी माणसात येतो. खर्डीच्या आतल्या बाजूला, आमच्या वाडीखाली धरणाचं पाणी येऊन थांबतं. तिथे आम्ही रविवारी खेकडे धरतो. विकत नाही. धरायची हौस आणि खायची त्याहून जास्त.

धरायचं साधन म्हणजे फग. सायकलच्या जुन्या रिंगला जाळं बांधायचं, मधोमध कोंबडीची आतडी अडकवायची, दोरी लावायची आणि पाण्यात सोडायचं. खाली बसलेला फग वरून दिसत नाही. म्हणून दोरीच्या टोकाला काहीतरी तरंगणारं बांधतात, तो बोया. पूर्वी आम्ही बोया बांधत नव्हतो. दोरी काठावरच्या झुडपाला बांधली की झालं, असं आमचं शास्त्र होतं.

ते शास्त्र बाळारामच्या म्हशीने मोडलं.

*

बाळाराम वरच्या आळीचा शेतकरी. त्याची म्हैस दुपारी पाण्यात डुंबून घरी परतली ती मागच्या पायात सायकलची रिंग अडकवून. रिंगमध्ये जाळं, जाळ्यात दोन जिवंत खेकडे. म्हैस लंगडत होती आणि खेकडे तिला नांगी दाखवत होते. बाळारामने रिंग सोडवली आणि तशीच हातात धरून आमच्या दारात येऊन उभा राहिला. फग कोणाचा, एवढंच त्याने विचारलं.

मी दामूभाऊजींकडे पाहिलं. दामूभाऊजींनी कौसाकडे पाहिलं, कौसाने संजयकडे आणि संजयने मोबाइलकडे.

"मालक नाय ना कोनी?" बाळाराम म्हणाला. "मंग आजपासून कोनी या पाण्याला हात लावायचा नाय."

तो बोलून गेला आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं. हे वाक्य आमच्या घरात नवीन नाही. माझ्या सासऱ्यांनी ते लहानपणी खूप ऐकलं होतं आणि आपल्या पोरांना ऐकायला लागू नये म्हणून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. मी ओट्यावरून खाली उतरले.

"बाळाराम, परत बोल."

"तसं नाय म्हनायचं माला, आक्का. मी म्हशीचं बोलतोय."

"मग म्हशीपुरतं बोल. पाण्याचं बोलू नको."

इथे मी थांबले असते तर शहाणी ठरले असते. पण मला एकदा बोलायला सुरुवात केली की थांबा लागत नाही. मी पुढे जाहीर केलं की यापुढे आमच्या प्रत्येक फगाला बोया असेल, बोयावर मालकाचं नाव असेल, आणि उन्हाळा लागून पाणी आटेपर्यंत बिननावाचा एक जरी फग निघाला तर आम्ही आपणहून खेकडे धरणं बंद करू. कायमचं. हा आक्काचा शब्द.

बाळाराम मान डोलावून गेला. म्हणजे जे पाणी त्याला माझ्याकडून हिसकावता आलं नाही, ते मी स्वतःच्या तोंडाने पैजेला लावून मोकळी झाले.

कौसा मागून म्हणाली, "शब्द तुझा, गो. आमाला कोनी इचारला?"

*

नाव लिहायचं काम अर्थात माझं. मी शाळा पाहिली ती बाहेरून. अक्षरं शिकले एसटीच्या पाट्यांवरून. माहेर धसईचं, त्यामुळे मला 'क'च्या आधी 'ध' लिहिता आला. पण शिकले ते पक्कं शिकले, आणि माझं अक्षर तालुक्यात कुठेही दाखवावं असं आहे, हे मी स्वतः सांगते कारण दुसरं कोणी सांगत नाही.

शहापूरच्या बाजारातून थर्माकोल आणला. घरात खिडकीला लावून उरलेला निळा ऑइलपेंट होता. ब्रश घेऊन बसले आणि पहिल्या बोयावर माझं पूर्ण नाव लिहिलं, 'श्रीमती'पासून आडनावापर्यंत. लिहून लांब धरून पाहिलं. फार सुंदर दिसत होतं.

ऑइलपेंट थर्माकोलला खातो, हे कोणत्याही एसटीच्या पाटीवर लिहिलेलं नसतं. चहा पिऊन येते तर माझं आडनाव विरघळलं होतं. नवऱ्याचं नाव खड्ड्यात गेलं होतं. 'श्री' तर आरपार गेला होता. 'श्री' लिहून ब्रश कोरडा पडला म्हणून पुढच्या दोन अक्षरांवर पातळ हात फिरला होता, तेवढी वाचली. पण रविवार तोंडावर आला होता आणि शब्द दिलेला होता. मी तोच बोया पाण्यात सोडला.

रविवारी दामूभाऊजी काठावर उभे राहून बराच वेळ डोळे बारीक करून वाचत होते. मग संजयला म्हणाले, "ती बघ रे. आपल्या आक्काची मती पाण्यावर तरंगतेय."

*

त्यानंतर थर्माकोल बंद. प्रत्येकाने आपापला बोया आणावा आणि मी त्यावर नाव लिहावं असं ठरलं. कौसाने वाळवलेला दुधी भोपळा आणला. मोठा, हलका, मान बाकदार. मी लिहायला बसले आणि तिला म्हटलं, नियमाप्रमाणे पूर्ण नाव लागेल. तुझं, नवऱ्याचं आणि आडनाव.

"त्यांचं नको," कौसा म्हणाली.

मला वाटलं, नाव घ्यायला लाजते. या वयात कसली लाज म्हणून मी तिला पाच मिनिटं ऐकवलं. बाईने नवऱ्याचं नाव घ्यावं, लिहावं, वाचावं, असलं बरंच काही. विहारात भाषण करते तसं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"लाजत नाय गो. जित्तेपनी त्यांना गुडघाभर पाण्याचं भ्या वाटायचं. आता मेल्यावर कशाला बुडवतंस?"

भोपळ्यावर नुसतं 'कौसा' लिहिलं. नियमात पहिली दुरुस्ती झाली.

*

पुढची सूचनाही माझीच. बोया दुरून दिसला पाहिजे. बाळाराम वरच्या शेतात उभा असला तरी त्याला दिसला पाहिजे, म्हणजे तो गप्प बसेल. दामूभाऊजींना एवढंच हवं होतं. फाटकावरची सवय. त्यांनी प्रत्येक बोयात बांबूची काठी खोचली आणि काठीला लाल फडकं लावलं. पाण्यात आणि चिखलाच्या कडेने रांगेने लाल निशाणं उभी राहिली. मी म्हटलं, याला म्हणतात शिस्त.

आमच्या भागात लाल निशाणं रांगेने दिसली की लोकांना एकच गोष्ट कळते. नव्या रस्त्याची मोजणी. दुपारपर्यंत बातमी तीन वाड्यांत पोचली. माणसं काठावर जमायला लागली. कोणाची जमीन जाते, कोणाची राहते, रस्ता पाण्यातून कसा नेणार, यावर वाद पेटला. एकाने तर आपलं शेत कसं मधोमध येतं ते काठीने चिखलात काढून दाखवलं. मुरबाडहून एक गृहस्थ मोटारसायकलवर आले, चपला हातात घेऊन चिखलातून दामूभाऊजींपर्यंत पोचले आणि साहेब म्हणून हाक मारली. दामूभाऊजींना आयुष्यात कोणी साहेब म्हटलं नव्हतं. ते सरळ उभे राहिले.

"साहेब, भाव काय देनार?"

दामूभाऊजींनी फग वर घेतला, आत पाहिलं आणि म्हणाले, "विकायच्या नायत. पन घरी घेऊन जा दोन, पावना आलाय म्हनून."

फडकी संध्याकाळी उतरवली.

*

मग संजयने मनावर घेतलं. त्याने ऑनलाइन मागवून खरेखुरे बोये आणले. नारिंगी, गोल, गुळगुळीत, उन्हात चमकणारे. त्यावर नाव तर हवंच, पण मोबाइल नंबरही हवा, म्हणजे म्हशीवाल्याला लगेच फोन करता येईल, असं तो म्हणाला. नंबर कोणाचा द्यायचा? त्याचा दिला तर तो मीटिंगमध्ये, दामूभाऊजी फोन कानाला उलटा लावतात, कौसाला फोनची गरजच नाही. मी माझा दिला. अध्यक्षांचाच नंबर असतो.

हायवेकडून रविवारी गाड्या वळतात, पोरं-पोरी पाणी बघायला येतात. त्यांनी नारिंगी गोळे पाहिले आणि दुपारी माझा फोन सुरू झाला.

"हॅलो, ये बोटिंग का नंबर है क्या?"

माझं हिंदी सिरियलमधलं. मी म्हटलं, "बोटिंग नहीं है. खेकडा है."

"कितने का टिकट है आंटी?"

"उतरने का फुकट है. वापस आने का खेकडे को पूछो."

फोन ठेवला तर दुसरा. मग तिसरा. एका बाईने जेवणाची सोय आहे का विचारलं. एकाने लहान मुलांना हाफ तिकीट आहे का विचारलं. रात्री संजयने दाखवलं, कोणीतरी आमच्या काठाचा फोटो मोबाइलवर टाकला होता आणि खाली लिहिलं होतं की जागा छान, पण बोटिंगवाली आंटी फार उद्धट आहे.

उद्धट म्हटल्याचं मला काही वाटलं नाही. आंटी म्हटल्याचं वाटलं.

*

उन्हाळा जवळ आला आणि पाणी मागे सरकायला लागलं. पाणी उतरलं तशी आमची दोरी लांब पडली. कारण दोरी लांबच ठेवा, तोकडी ठेवली तर बोया बुडेल, असा हुकूम कोणी सोडला होता ते विचारू नका. एका रविवारी येऊन पाहतो तर वाऱ्याने सगळे बोये एका कोपऱ्यात नेऊन जमवले होते. भोपळा, नारिंगी गोळे, दामूभाऊजींचा तेलाचा डबा, सगळे एकमेकांना टेकून बसलेले. एक दोरी ओढली की सगळेच यायचे. दुपारभर आम्ही चौघं चिखलात बसून गाठी सोडवत होतो आणि एकमेकांच्या गाठींना नावं ठेवत होतो.

शेवटी कौसाने हात टेकले. "विहारात सांगत्यात ना, समदी मानसं एक हायत. माला पटत नव्हतं. आज पटलं. नावं वेगळी, गुंता एक."

पण मी त्या दिवशी एक काम नीट केलं. प्रत्येक फग मोजून, नाव वाचून काठावर घेतला. एकही कमी नाही, एकही बिननावाचा नाही. पाणी जवळजवळ उतरलं होतं. माझा शब्द तरला, असं समजून मी त्या रात्री शांत झोपले.

*

त्याच आठवड्यात, तिन्हीसांजेला मागच्या दाराची कडी वाजली. मागच्या दाराने आमच्याकडे मांजराशिवाय कोणी येत नाही. उघडलं तर बाळाराम. काखेत गोणपाट. आत येऊन त्याने गोणपाट जमिनीवर ठेवलं आणि सोडलं.

फग होता. नवी रिंग, नवं जाळं, दोरीच्या टोकाला रिकामी बाटली. बाटली मी फिरवून पाहिली, चारी बाजूंनी पाहिली. नाव नाही. आत मोठाल्या चिंबोऱ्या, एकीवर एक.

"खालच्या वळणाला घावला," तो म्हणाला. "पानी हटलं तसा उघडा पडला."

चौघांचे सगळे फग ओट्याखाली मोजून ठेवलेले होते, पण हे सांगितलं तर पळवाट काढल्यासारखं दिसलं असतं. सांगणार कोणाला? शब्द देताना मी "आमचा फग" असं म्हटलं नव्हतं. "बिननावाचा एक जरी फग" असं म्हटलं होतं. मला तोंड दिलंय देवाने, असं म्हणायचीही आमच्यात सोय नाही.

मी चुलीकडे पाठ करून उभी राहिले. "ठरलं ते ठरलं, बाळाराम. उद्यापासून बंद. सगळ्यांना मी सांगते. पाणी तुझ्या म्हशींना मोकळं."

मला वाटलं, आता हा जाईल. तो गेला नाही. पाट ओढून बसला. चुलीवरच्या पातेल्याकडे पाहिलं, पाट्यावरच्या वाटणाकडे पाहिलं. बाळारामच्या घरी माळ आहे. त्याच्या बायकोने लग्नानंतर त्या चुलीवर सुकटसुद्धा शिजू दिलेली नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे.

"वाटनात खोबरं भाजून घालता का कच्चं?" त्याने विचारलं.

"भाजून." मी सवयीने सांगून गेले. मग माझं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं. उजव्या अंगठ्यावर चिंबोरीने धरल्याची ताजी खूण होती. त्याच्या शेजारी एक जुनी खूण होती, बरी झालेली.

मी खाली बसले. फग मधे ठेवला.

"बाळाराम, हा फग कोणाचा?"

एक चिंबोरी गोणपाटावरून चालत निघाली होती, तिला त्याने मागून, बरोबर धरायच्या जागी धरलं आणि परत आत ठेवलं.

"मग मेल्या, नाव का नाही टाकलंस? सगळ्या वाडीला नियम आहे."

त्याने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"आमच्या घरात समद्यांना वाचता येतं, आक्का."