बनशंकरीतून चालणारं सरकार

कॅनडातल्या एका प्रांताचं सरकार बनशंकरीतल्या आमच्या घरमालकांच्या दिवाणखान्यातून चालतं, हे मी कुठेही शपथेवर सांगायला तयार आहे. तिथल्या मुख्यमंत्र्यांना याचा पत्ता नसेल, तो त्यांचा प्रश्न. त्यांना तिकडे प्रीमियर म्हणतात आणि मी मुख्यमंत्री म्हटलं की अण्णा कळवळतात. अण्णांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं, मी पुण्याहून आलेला त्यांचा खालच्या मजल्यावरचा भाडेकरू. रोज सकाळी ते इस्त्रीचा शर्ट चढवतात आणि कॉफी घेऊन तिथल्या विधानसभेचं आदल्या दिवसाचं कामकाज कॉम्प्युटरवर बघायला बसतात. सभापती उभे राहिले की दिवाणखान्यातही कुणी बोलायचं नाही. एकदा नळाला पाणी नाही म्हणून मी धावत वर गेलो, तर त्यांनी हाताने खूण करून मला खाली बसवलं. "स्वल्प थांबा हो. विरोधी पक्ष बोलतोय." आपल्या भागाचा आमदार कोण, हे त्यांना धड सांगता येत नाही; पण तिकडचा कृषिमंत्री बदलला की माझ्याकडे बघून असा सुस्कारा सोडतात, की आपण त्या माणसासाठी काहीच केलं नाही असं मला वाटायला लागतं. राजाजीनगरहून परतताना त्यांनी ऑटोवाल्याला तिथलं अंदाजपत्रक कन्नडमध्ये समजावलं होतं. घर आलं तरी तो उतरू देईना, कारण रस्त्यांवरची तरतूद ऐकायची राहिली होती. मी मागच्या सीटवर थक्क होऊन बसलो होतो.

या सगळ्याच्या मुळाशी त्यांची एकुलती एक मुलगी. ती तिकडच्या एका लहानशा गावातल्या इस्पितळात नर्स आहे. अक्का, म्हणजे अण्णांची बायको, गेल्यापासून अण्णा वर एकटेच. मध्यंतरी ते इस्पितळ बंद करायची भाषा सुरू झाली. गावचा आमदार त्याविरुद्ध जिवाच्या आकांताने भांडत होता आणि अण्णा मात्र आरोग्यमंत्र्यांच्या बाजूने. त्या मंत्र्यांचा इतका कट्टर समर्थक त्यांच्या घरातही नसेल. "बंद होऊ दे," अण्णा मला स्वच्छ म्हणाले, "म्हणजे ती इकडे येईल. मी तिकडे कशाला जाऊ? घर इथे आहे ना तिचं?"

इस्पितळाचा निकाल कळायचा त्या सकाळी त्यांनी मला मुद्दाम वर बोलावलं. तिकडे कामकाजाआधी सज्ज्यातल्या पाहुण्यांची ओळख करून द्यायची रीत आहे. तो आमदार उठला आणि म्हणाला, आमच्या गावाला सांभाळणारी नर्स आज आली आहे. सज्ज्यात अण्णांची मुलगी उभी राहिली. तिच्या मागे गावचे लोक, म्हातारेकोतारे, कडेवर पोरं घेतलेल्या बायका. दोन्ही बाजूंचे आमदार टाळ्या वाजवत होते. मग आरोग्यमंत्री उठले आणि इस्पितळ चालू राहील म्हणाले.

अण्णा केव्हा उभे राहिले मला कळलंच नाही. पडद्यासमोर हात जोडून उभे होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "अण्णा, तुमचा मंत्री फिरला की हो!"

ते हसले नाहीत. डोळे पुसत म्हणाले, "किती माणसं आलीत बघा, तिला ठेवून घ्यायला. मी इकडून एकटा किती ओढणार?"

त्यांनी निवलेली कॉफी बाजूला सारली. मग ते म्हणाले, "सरी, ठीक आहे. तिकडे जायचं झालं तर विमान कुठून धरायचं हो?"

त्या प्रांताबद्दल अण्णांनी मला विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता.