काळी चारच्या जरासा वर

भांडुपच्या कोकणनगरात विमला शनिवारी दुपारी चपात्यांचं पीठ मळायला घ्यायची, तेव्हा त्यातला एक गोळा बाजूला काढून ताटलीखाली झाकून ठेवायची. हा गोळा खायचा नव्हे, पखवाजाच्या डाव्या पुडीला लावायचा. कणीक लागल्याशिवाय पखवाजाची डावी बाजू घुमत नाही. आणि तो गोळा चुकून तव्यावर गेला, तर त्या दिवशी घरात जे घुमतं ते वेगळंच, हे तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं.

तिचा नवरा दत्ताराम टेम्पो चालवायचा. त्याचे वडील गिरणीत होते. गिरणी गेली, मागून वडील गेले आणि घरात त्यांचा पखवाज तेवढा राहिला. आठवडाभर मुलुंड-ठाण्याच्या गोदामांतली खोकी वाहायची आणि शनिवारी संध्याकाळी गांगेश्वर प्रासादिक भजन मंडळाच्या खोलीत त्या पखवाजावर बसायचं, असा त्याचा क्रम. टेम्पोवाले मुंबईत पैशाला पासरी. पण दत्तारामाचं नाव काढलं की वस्तीत लोक विचारायचे, "पखवाजवाला दत्ताराम ना?" स्वतःची अशी एक ओळख असली की माणूस बाकीचं पुष्कळ सोसतो.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात एका पंक्चरवाल्याकडे तो मागच्या चाकात हवा भरून घेत होता. टायर जुना, वरून नवं रबर चढवलेला. दत्ताराम हवेचा काटा बघायला वाकला आणि नेमका तेव्हाच टायर फुटला. रस्त्यापलीकडची माणसंही दचकून दुकानांबाहेर आली. दत्ताराम उजव्या कानावर हात दाबून जमिनीवर बसला होता, आणि लोकांचे ओठ हलताना त्याला नुसते दिसत होते.

कानाचा पडदा फाटला होता, तो भरून आला. ऐकूही बऱ्यापैकी येऊ लागलं. पण त्या कानात एक आवाज येऊन बसला, तो काही उठेना. कसा आवाज, असं मुलुंडच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "कुकरची शिटी व्हायच्या आधी बारीक सूं होतं ना, तसं. पण शिटी काही होत नाही."

बाई भल्या होत्या. त्यांनी खोटी आशा दाखवली नाही. म्हणाल्या, "हा आवाज बाहेरून येत नाही, तुमचा मेंदूच तो ऐकवतोय. कदाचित कमी होईल, कदाचित नाही. पूर्ण शांततेत बसू नका, पंखा चालू ठेवा, काहीतरी ऐकत राहा. हळूहळू सवय होते."

सवय होते! किती पटकन म्हणून होतं. आपल्याकडे कान वाजतात हे चेष्टेनं म्हणायचं, त्यामुळे खरोखर ज्याचे वाजतात त्याची कीव कुणाला येत नाही. पाय मोडला असता तर लोक शहाळी घेऊन आले असते. दत्तारामाला मिळाले ते उपाय. कुणी लसणीचं तेल घाल म्हणालं, कुणी लक्षच देऊ नकोस म्हणालं. लक्ष देऊ नकोस म्हणणाऱ्यांना त्याच्या कानात तासभर नेऊन बसवायला हवं होतं. तो चिडचिडा झाला. विमलाने दोनदा हाक मारली की खेकसायचा, आणि मग स्वतःच खाली मान घालून जेवायचा. एकदा भात कालवता कालवता म्हणाला, "मरेपर्यंत एक क्षणसुद्धा गप्प होणार नाही का गं हे?"  विमलाने उठून पंखा वाढवला.

पावसाळ्यात, बऱ्याच खाड्यानंतर, तो पुन्हा पखवाजावर बसला. मंडळाच्या खोलीत तो नेहमीच सगळ्यांच्या आधी पोचायचा. डावीकडे कणीक थापली, उजव्या पुडीजवळ कान नेला आणि चामडी पट्ट्यांखालचे लाकडी गट्टे हातोडीने ठोकत सूर चढवायला लागला. मंडळाच्या नंदूबुवांच्या पेटीची काळी चार, म्हणजे चौथी काळी पट्टी, हा त्याच्या हाडात मुरलेला सूर. पेटी यायच्या आधीच तो अंदाजाने पखवाज लावून ठेवायचा आणि त्याचा अंदाज कधी चुकत नसे. काळी चार आली. त्याने सवयीने आणखी एक ठोका घातला, मग अजून एक हलका. शाईवर थाप मारली, आणि कानातला आवाज गेला.

गेला म्हणजे थापेच्या नादात विरला. नाद होता तोवर कान रिकामा होता. दत्तारामाने पुन्हा थाप मारली. पुन्हा शांत. त्या रिकाम्या खोलीत तो कितीतरी वेळ एकच थाप मारत बसला होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कानातल्या आवाजालाही एक सूर होता, काळी चारच्या जरासा वर. पखवाज तिथे लावला की दोघे मिसळून जात आणि दत्ताराम सुटत असे.

तेव्हापासून दर शनिवारी तो तिथेच लावू लागला. सूर चढा लागतोय हे त्याला कळत नव्हतं का? अर्धं कळत होतं. उरलेल्या अर्ध्याने तो नंदूबुवांना म्हणाला, "बुवा, पेटी उतरलीय तुमची."

नंदूबुवा मंडळाचे मुख्य गाणारे. पंचाहत्तरी गाठत आलेले, दत्तारामाच्या वडिलांबरोबर गायलेले. दत्तारामाचा शब्द त्यांनी कधी खाली पडू दिला नव्हता, म्हणून त्यांनी खरंच पेटी दुरुस्तीला दिली. दुरुस्त करणाऱ्याने ती उघडली, पुसली आणि पेटी ठणठणीत आहे म्हणून परत केली. पुढच्या शनिवारी पखवाज पुन्हा चढा. पेटी आणि पखवाज एकमेकांना घासत होते, कोरसवाले एकमेकांकडे बघत होते. बोलला मात्र कुणी नाही. दत्तारामाला सूर कळत नाही असं त्याच्या तोंडावर म्हणायचं कुणी?

मग मंडळींनी एक युक्ती काढली. तालमीआधी झांजेसारखा चकवा वाजवणारा सुबोध त्याच्या खांद्यावर हात टाकायचा. "चल ना दत्तादा, खाली कटिंग मारून येऊ." दोघे चहा पिऊन येईपर्यंत पखवाज काळी चारवर उतरलेला असायचा. दत्तारामाला वाटायचं, हवेने उतरला. तो खिशात हातोडी बाळगू लागला. दोन अभंगांच्या मधे हळूच एक ठोका घालून सूर वर घ्यायचा. पुढच्या चहाला मंडळी पुन्हा खाली आणायची. गणपतीत सुरू झालेला हा पकडापकडीचा खेळ दिवाळी उलटली तरी चालूच होता.

माघी गणेशोत्सवात डबलबारी ठरली. डबलबारीत दोन मंडळं एकाच मंचावर आळीपाळीने भजन करतात आणि एका बुवाने दुसऱ्याला गाण्यातून चिमटे काढायचे असतात. समोर मुलुंडचा तरुण बुवा होता, जिभेने तिखट. पखवाज जरा जरी बेसूर वाजला तर त्याला आयतं कोलीत मिळालं असतं, आणि टोमणा सगळ्या वस्तीदेखत म्हाताऱ्या नंदूबुवांना ऐकावा लागला असता. 

डबलबारीच्या आधीच्या शनिवारी सुबोधने नेहमीप्रमाणे दत्तारामाला खाली नेलं. चहा यायच्या आधी दत्तारामाला आठवलं, मोबाइल वरच राहिला. "आलोच," म्हणून तो जिना चढला. दार अर्धं उघडं होतं. आत नंदूबुवा पेटीची काळी चार दाबून बसले होते आणि पखवाज मांडीवर घेऊन एक पोरगी सराईतपणे गट्टे सैल करत होती. ती श्रुतिका होती, त्याची मुलगी. कोरसला बसायची. हातोडी धरायला तिला त्यानेच शिकवलं होतं.

"अजून थोडा, बुवा?" ती म्हणत होती.

"थोडोच. बापाशीक समजता नये."

दत्ताराम तसाच खाली उतरला आणि चहावाल्याला वळसा घालून घरी गेला.

श्रुतिका घरी आली तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. ती पायाशी बसली. "पप्पा, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून केलं हो."

"आख्ख्या मंडळाला माहिती. तुझ्या आईला पण?"

स्वयंपाकघरातून विमलाचा आवाज आला नाही, म्हणजे माहिती होतं.

"मी काय लहान पोर आहे? खेळणं हातात देता आणि मागून चावी काढून घेता?" तो ओरडला, मग हळूच म्हणाला, "तोंडावर सांगायचं होतंस गं. तू तरी."

श्रुतिका रडू लागली. तो उठला नाही. त्या आठवड्यातल्या तालमींना गेला नाही. वडिलांचा पखवाज मंडळाच्या खोलीतच होता. तो आणायलाही गेला नाही. टेम्पो मात्र रोज काढायचा. इंजिनाच्या घरघरीत कानातलं जरा झाकलं जातं.

शेवटी नंदूबुवा स्वतः आले. गुडघे धरून चढण चढले, खुर्चीत बसून आधी दम खाल्ला. विमलाने पाणी दिलं.

"चुकला आमचा," ते म्हणाले. "तुका सांगूक व्हया होता. धीर नाय झालो. तुझ्या बापाशीच्या जाग्यावर बसतंस तू."

दत्ताराम जवळ सरकून बसला. मग त्याने कुणालाच न सांगितलेली गोष्ट सांगितली. पखवाज वर लावला की कानातला आवाज जातो. आठवड्यात तेवढाच वेळ, थाप वाजत असेपर्यंत. "पेटीत काही बिघाड नव्हता बुवा. मला माहिती होतं. पण ते गेलं ना की कसं वाटतं, कसं सांगू तुम्हाला…"  दारात उभी असलेली विमला पदर तोंडाला लावून आत गेली. इतके महिने ती त्याला तुसडा म्हणत होती, ते तिला आता सोसवेना.

नंदूबुवांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "मग असा करूया. पेटीचे सूर बदलून घेवया. तुझ्या कानात वाजता, थंय लावूया. जरासो वर गायलय म्हणान माझो गळो काय फुटाचो नाय."

दत्तारामाने मान वर केली. म्हातारा थट्टा करत नव्हता. उभ्या जन्माची पेटी तो उद्या सकाळी उघडायला देणार होता.

कुणाच्याही मनात मोह येईल. दत्तारामाच्याही आला. दर शनिवारी कान रिकामा होईल, चोरी न करता. त्याने डोळे मिटून घेतले. आत विमलाने नळ बंद केला, घर शांत झालं आणि कानातलं सूं पुन्हा टोकदार झालं.

"नको, बुवा," तो म्हणाला. "आज माझ्यासाठी तुम्ही वर जाल. उद्या हे अजून वर चढलं तर? मग काय, आख्ख्या मंडळाने माझ्या कानामागे धावायचं?"

"धावू," नंदूबुवा म्हणाले.

"नको." त्याने वाकून बुवांच्या पायांना हात लावला. "फक्त एक करा. परत मला चहाला पाठवू नका."

डबलबारीच्या दिवशी विमलाने कणकेचा गोळा काढला, तो रुमालात बांधून दत्तारामाने स्वतः नेला. मैदानात वस्ती लोटली होती. पहिली बारी गांगेश्वरची. मुलुंडचा बुवा खालच्या खुर्चीत कान टवकारून बसला होता. सुबोधला हात कुठे ठेवावेत कळत नव्हतं. सवयीने तो दत्तारामाच्या खांद्याकडे गेला आणि मागे आला.

दत्तारामाने पखवाज पुढ्यात घेतला. कणीक थापली. खिशातून हातोडी काढली आणि सगळ्यांदेखत, माईकसमोर, मागे बसलेल्या श्रुतिकाला हाक मारली.

"ये गो. बुवा काळी चार देतायत. तू लाव. मला नीट कळत नाही आता."

माईक चालू होता. शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांनी ऐकलं. श्रुतिका आली. तिचा पहिला ठोका चुकला. त्याने गट्ट्यावर बोट ठेवून दाखवलं, "इथे. घाबरू नकोस." तिने सगळीकडून फिरवून सूर जुळवला आणि हातोडी खाली ठेवली.

दत्तारामाने थाप मारली. पखवाज पेटीत साखरेसारखा विरघळला. त्याच्या कानातला आवाज मात्र विरघळला नाही. तो वर, जरासा वर, एकटा उभा राहिला, आजवर कधी नव्हता इतका स्पष्ट. त्याचा जबडा आवळलेला खाली बसलेल्या विमलाला दिसला.

नंदूबुवांनी पेटीवरून मान वळवली. "लागलो?"

"लागलो, बुवा," दत्ताराम म्हणाला. "करा सुरू."

बुवांनी आलाप घेतला, कोरसने उचलला, आणि दत्तारामाचा हात सगळ्यांच्या सुरावर पडू लागला. बारी संपेपर्यंत त्याने हातोडीकडे हात नेला नाही.