वरच्या मजल्यावरची बिग सिस्टर

नववीत गेलं की मोठ्या मुली आपल्याला सांभाळून घेतात, असं आमच्या शाळेत सांगायचे. सांभाळून घेणं म्हणजे पाळत ठेवणं, ही समजूत मी घरून घेऊन गेले होते.

मुलींच्या शाळेत स्पिरिट वीक, म्हणजे रोज नवा वेश करून यायचा आठवडा, सुरू झाला आणि प्रत्येक नव्या मुलीला बारावीतली एक ‘बिग सिस्टर’ नेमून दिली. माझ्या वाट्याला आली ती सौदीतल्या कतीफच्या आमच्याच बिल्डिंगमधली, वरच्या मजल्यावरची हैदराबादी मुलगी. इतक्या जणींतून नेमकी तीच? घरी सांगितलं तेव्हा अम्मीची भाकरी तव्यावरच राहिली.

“कोणी लावून दिलीय तिला?” अम्मी म्हणाली. “जपून ऱ्हा गो. तोंडातून शब्द काढू नको.”

तो शब्द असा होता, की अब्बांची नोकरी गेली होती. सौदी मुलांना कामावर घ्यायचं तेव्हा सगळीकडे चाललं होतं. अबकैकच्या तेल प्रकल्पात अब्बांनी ज्या पोराला काम शिकवलं, त्यालाच त्यांच्या जागी बसवून कंपनीने अब्बांना खलास म्हटलं. इकामा, म्हणजे राहायचा परवाना, संपायच्या आत नोकरीवर ठेवणारा दुसरा कफील मिळाला नाही, तर आम्ही सगळे रत्नागिरीला परत. जागा थोड्या, शोधणारे फार. कुणाला सुगावा लागला तर तोच आधी जाऊन जागा पटकावील. म्हणून अब्बा रोज पहाटे फजरची नमाज झाली की कव्हरऑल चढवायचे, हेल्मेट घ्यायचे आणि दिवसभर कफील शोधत फिरायचे. बिल्डिंगला वाटायचं, ड्यूटीवर गेले.

ती मुलगी फार गोड बोलायची, तेच मला खटकायचं. कुठल्या मॅडमसमोर गप्प बसायचं, कँटीनमध्ये कधी गर्दी नसते, सगळं सांगायची. आणि मध्येच हळूच, “अंकल आजकल जल्दी आ जाते ना?”

“ओव्हरटाइम बंद है,” मी ठोकून दिलं. तिने लगेच कँटीनचा विषय काढला. पक्की आहे, मी मनात म्हटलं.

बुधवारी घरच्यांच्या कामाची एखादी वस्तू घालून यायचं होतं. “तू क्या पहनेगी?” तिने आदल्या दिवशी विचारलंच. मी हेल्मेट म्हणून बसले. पण हेल्मेट आणणार कुठून? ते रोज अब्बांबरोबर जायचं. ते घरी राहिलं असतं, तर अब्बाही घरीच राहिले असते. हा सगळा दिवस आमचं बिंग फोडायलाच काढलाय, अशी माझी खात्री झाली.

बुधवारी सगळ्या नटून आलेल्या. कुणाच्या गळ्यात स्टेथोस्कोप, कुणाच्या डोळ्यांवर वेल्डिंगचा चष्मा. मी साध्या युनिफॉर्ममध्ये, आणि फाटकाशी माझी बिग सिस्टर उभी होती तीही साध्याच युनिफॉर्ममध्ये.

“भूल गई,” तिने विचारायच्या आधीच मी म्हटलं. “और तुम्हारा?”

“अब्बा ले गए.” मग खाली बघत म्हणाली, “रोज ले जाते.” आणि माझा हात धरला. “मेरे बाजू में ठहर. दो जने रहे तो कोई नहीं पूछते.”

मला बोलतं करायची ही नवी युक्ती असेल, असंच मला वाटलं. तेवढ्यात एक मॅडम आल्या. “भूल गई, मॅम,” ती हसून म्हणाली. एवढ्या सफाईने खोटं बोलायला घरी सराव लागतो. मला होता. मॅडम गेल्यावरही तिने माझा हात सोडला नाही.

संध्याकाळी मी घरी सगळं सांगितलं. अम्मी म्हणाली, “नाटक असेल.” अब्बांनी मात्र मला पुन्हा विचारलं, “रोज घेऊन जातात म्हणाली? माझ्यासारखेच?” आणि होते तसेच, कव्हरऑलमध्येच, जिना चढून वर गेले.

“अवो, सगळं ओकून बसू नका!” अम्मी दारातून कुजबुजली.

बऱ्याच वेळाने वरून दोन पुरुषांच्या हसण्याचा आवाज आला. अम्मी छताकडे बघत म्हणाली, “आता आपल्याकडची माहिती काढून घेतायत.”

दुसऱ्या दिवशी मी शाळेला निघाले तरी अब्बा झोपलेले होते, हेल्मेट दाराशीच होतं. अम्मीने त्यांना उठवलं नाही.